शेवटचा चौकोन

सारजाबाईंच्या घरातून एखादी बाई रिकाम्या हातानं परत गेली, असं घाटनांदुरात कुणी दाखवून द्यावं. लग्नाचं आवतण द्यायला आलेली असो, दळणाची चाळण मागायला आलेली असो, नाहीतर नुसती उन्हाची टेकलेली असो. ती उठायला लागली की सारजाबाई तिला खाली बसवायच्या आणि ओटी भरायच्या. ओटीत तांदूळ, सुपारी, आणि वर एक रंगीत, गोल, लोकरीचं विणकाम. ती बाई ते उलटंसुलटं करून बघायची, लई भारी हाय म्हणायची, आणि सारजाबाईंचा चेहरा खुलायचा.

विणकाम सारजाबाईंचं नव्हतंच. ते त्यांच्या सुनेचं, शिवकन्येचं होतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं म्हणतात ते हेच. फक्त इथं हलवाई त्याच घरात चुलीपुढे बसलेला असायचा आणि त्याला कुणी विचारायचं नाही.

शिवकन्या माहेरची आष्टीकडची. तिकडे शाळेत एका बाईंनी मुलींना क्रोशाची सुई धरायला शिकवली होती. साखळी, मुका खांब, खांब, एवढेच टाके. लग्नानंतर ती सुई ट्रंकेत पडली ती पडलीच. मग घरात मोबाइल आला, आणि एका दुपारी त्यावर कुठल्या तरी परक्या भाषेत बोलणारी बाई मंडला विणताना दिसली. बाईचं तोंड दिसत नव्हतं, नुसते हात. मधोमध एक ठिपका, त्याभोवती पाकळ्या, त्यांच्याभोवती दुसऱ्या रंगाच्या पाकळ्या, असं वाढत वाढत ताटाएवढं झालेलं चक्र. भाषेचं काही अडलं नाही. शिवकन्येनं तो व्हिडिओ थांबवत थांबवत बघितला, आणि संध्याकाळी भाकरी थापताना तिला भाकरीच्या कडेलाही पाकळ्या दिसायला लागल्या.

नवरा बिभीषण घाटनांदूर ते अंबाजोगाई काळीपिवळी चालवायचा. लोकर आणायचं काम त्याच्याकडे. आणायचा, नाही म्हणायची सोय नाही; पण सांगावी डाळिंबी, यायची बिस्किटी. सांगावी मोरपंखी, यायची बिस्किटी; लाल-पिवळी-निळी आली तर कधीमधी. दुकानदार म्हणायचा हाच रंग चालतो, आणि बिभीषणला बायकोपेक्षा दुकानदाराचं खरं वाटायचं. रंगात काय ठेवलंय, ऊब तर तीच, असं तो वर ऐकवायचा. बीड जिल्ह्याच्या उन्हाळ्यात लोकरीची ऊब कुणाला हवी होती, हे त्याला विचारून काय उपयोग?

तिनं केलेला प्रत्येक गोल कशाच्या तरी वर किंवा कशाच्या तरी बुडाखाली गेला. एक टीव्हीवर, एक मिक्सरवर. सगळ्यात पहिला, जाड विणीचा गोल सारजाबाईंनी तिवईवर माठाखाली घातला होता, माठ हलत नाही म्हणून. तो बारा महिने ओला असायचा आणि त्याच्या मधला लाल ठिपका काळा पडला होता. पाणी घेताना शिवकन्या तिकडे बघायचं टाळायची. बाकीचे गोल बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि डबा सारजाबाईंच्या कपाटात. गोलाची खोडच अशी, की शेवटचा टाका घालून दोरा कापला की तो पुरा झाला. आणि पुरा झाला की तो सारजाबाईंना दिसायचाच.

बोलून बघितलं नाही असं नाही. देण्याआधी मला विचारत जा, असं तिनं एकदा धीर करून म्हटलं होतं. सारजाबाईंना खरोखरच नवल वाटलं. घरातलं देताना घरातल्याच माणसाला विचारायचं? डब्यातलं पीठ शेजारणीला घालताना मी विचारते का? आणि नाव तर तुझंच होतंय की. नाव होत होतं, पण ते सारजाबाईंचा हात लई मोकळा, असं होत होतं. शिवकन्येच्या अंगाची लाही व्हायची आणि तो राग कुठं न्यावा ते तिला कळायचं नाही, कारण सारजाबाई वाईट नव्हत्या. बाळंतपणात त्यांनी तिला उठू दिलं नव्हतं, ताप आला की कपाळावर हात ठेवून बसायच्या. वाईट सासूशी भांडता येतं. चांगल्या सासूशी भांडलं की भांडणारीच वाईट ठरते.

मग मांजरसुंब्याला ते घडलं.

नणंद सुनिता मांजरसुंब्याला दिलेली. तिचा नवरा राधाकिशन, त्याचं चौकापासून जरा पुढे टायरचं दुकान आणि दुकानाच्या मागंच घर. शिवकन्या दिवाळीनंतर तिथं गेली होती. चहाचा कप नुकता हातात आला होता, तेवढ्यात राधाकिशन दुकानातून आत आला, भिंतीच्या खिळ्यावरचं फडकं ओढलं आणि ग्रीसनं माखलेले हात पुसायला लागला. फडकं नव्हतं ते. ज्याच्यासाठी ती स्वतः गाडीत बसून अंबाजोगाईला गेली होती, दुकानदाराशी वाद घालून ज्याची मोरपंखी लोकर आणली होती, तो गोल होता. सारजाबाईंनी तो लेकीला दिला होता, लेकीनं नवऱ्याला. वर राधाकिशन कौतुकानंच म्हणाला की, वहिनी, हे साध्या फडक्यापेक्षा झकास पुसतं, अजून दोनचार करून पाठवा. जावईमाणूस. त्याला काय बोलणार? शिवकन्येनं तो चहा गिळला आणि परतीच्या एसटीत खिडकीला डोकं लावून बसली. तिला रडायला येत होतं आणि रडण्याचीही लाज वाटत होती. फडक्यासाठी कुणी रडतं का, असं लोक म्हणाले असते.

त्या एसटीतच तिच्या डोक्यात चौकोन आला.

गोल एकटा असतो म्हणून कुणीही उचलून नेतं. चौकोनाला चौकोन जोडता येतो. जोडला की त्यातला एक कसा उचलणार? आणि पलंग भरेपर्यंत तो पुरा कसा होणार? सारजाबाईंचा एक नियम पक्का होता: अर्धवट वस्तू ओटीत घालायची नाही की लग्नात द्यायची नाही, घेणारणीचा संसार अर्धा राहतो. बारशाला कुणी एक नाडी लावायची राहिलेली कुंची आणली, तर ती त्यांनी दारातूनच परत पाठवली होती, बाई रुसली तरी. शिवकन्येला वाटलं, आता सापडलं.

पण गोलाचा चौकोन करणं म्हणजे पोरखेळ नव्हता. गोल सगळीकडून सारखा वाढतो. चौकोनाला चार जागी उंच व्हावं लागतं आणि मधल्या जागी दबून राहावं लागतं. कोपऱ्यावर उंच दुहेरी खांब, मग साधा खांब, मग अर्धा, मधोमध सगळ्यात बुटका मुका. सांगायला सोपं. तिचा पहिला चौकोन टोपीसारखा उभा राहिला. दुसऱ्याच्या कडा तळलेल्या पापडासारख्या फुलल्या. तिसऱ्याला कोपरे पाच निघाले, ते कसे निघाले हे तिलाही शेवटपर्यंत कळलं नाही. पाकळ्या चाराच्या हिशेबात नसल्या की अख्खा चौकोन एका खांद्यानं वाकडा व्हायचा, आणि तिला आवडणाऱ्या पाकळ्या नेमक्या त्या हिशेबात नसायच्या. मग उसवा. उसवलेली लोकर कुरळी झालेली असायची, ती पुन्हा विणली की टाके वेडेवाकडे दिसायचे, म्हणून परत उसवा. एकदा तिनं रागानं सुई भिंतीवर मारली. जाता जाता सारजाबाई म्हणाल्या की, कशाला जिवाला त्रास, गोल चांगलाच होता की. त्यांनी मायेनंच म्हटलं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं.

शेवटी हाताला गणित कळलं. एका उन्हाळ्याच्या दुपारी चौकोन फरशीवर ठेवला तर तो चारी कोपऱ्यांनी चिकटून बसला. आत लाल, पिवळ्या, निळ्या पाकळ्यांचं गोल चक्र आणि बाहेर सरळ कड. शिवकन्या तो कितीतरी वेळ फरशीवर सरकवत बसली. त्यानंतर चौकोन होत गेले. ते जोडायला एकसारखा रंग हवा होता, भरपूर हवा होता, आणि घरात भरपूर असलेला रंग एकच होता. बिस्किटी. बिभीषण ते बघून खूश झाला. आपल्याला पहिल्यापासून माहीत होतं, असं तो त्यानंतर गाडीतल्या प्रवाशांनाही सांगायचा.

चौकोनाला चौकोन, ओळीला ओळ, पलंगपोस होत आला. सारजाबाई दोनतीनदा येऊन हात फिरवून गेल्या आणि कधी पुरा होणार विचारून गेल्या. आणि शिवकन्येनं आपली युक्ती वापरली. एका टोकाचा एक चौकोन विणलाच नाही. सगळा पलंगपोस भरलेला, आणि एक कोपरा रिकामा. अर्धवट वस्तूला सारजाबाई हात लावणार नाहीत. झालं.

झालं म्हणजे काय झालं, तेही ऐकावं. पलंगपोस तिचा राहिला, पण पलंगावर कधी आला नाही. रिकाम्या कोपऱ्याचा पलंगपोस अंथरायचा तरी कसा? तो घडी करून ट्रंकेत. दुपारी घर मोकळं असलं की ती तो काढायची, पसरायची, आणि नजर सगळे रंग सोडून त्या रिकाम्या जागी जायची. एकदा तिला राहवलं नाही. तिनं शेवटचा चौकोन विणला, जागेवर ठेवला, मन भरून बघितला. तेवढ्यात अंगणात सारजाबाईंच्या जोडव्यांचा आवाज झाला, आणि तिनं तो चौकोन भराभर उसवून टाकला, चोरी पकडली गेल्यासारखा. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच हाताच्या कामाची चोरी. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं ते दुखणं होऊन बसलं होतं. पुरा केला की जाणार, नाही केला तर आपल्यालाच खुपत राहणार.

अशात सुनिताच्या लेकीचं, मोहिनीचं लग्न ठरलं. मुलाकडचे शहरातले, मोठे. सुनिताला रुखवताची काळजी. लग्नमंडपात मुलीकडचं रुखवत मांडतात, मुलीच्या हातच्या वस्तू म्हणून. त्यातलं बरंचसं मुलीनं केलेलं नसतं हे मांडणाऱ्यांनाही ठाऊक असतं आणि बघणाऱ्यांनाही, पण त्यावर मुलीच्या नावाची चिठ्ठी लागते आणि कुणी बोलत नाही. सुनितानं फोनवर आईला गळ घातली. सारजाबाई थेट शिवकन्येकडे आल्या आणि पलंगपोस मागितला. मागितला म्हणजे, देऊन टाकू म्हणाल्या.

शिवकन्या पोळपाट ठेवून उठली. आपली ढाल तिच्याकडे तयारच होती.

"आत्याबाई, त्यो अर्धवट हाय," ती म्हणाली. "तुमीच म्हणता ना, अर्धवट द्यायचं न्हाई."

सारजाबाईंनी ट्रंकेतून पलंगपोस काढून उलगडला, रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं, मान हलवली. व्हय की, असं म्हणून निघून गेल्या. त्या दिवशी शिवकन्येनं भाजीत मीठ दोनदा टाकलं, इतकी ती आनंदात होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती गिरणीवरून दळण घेऊन आली, तर माठ उघड्या तिवईवर. खालचा गोल नाही. अंगणात उन्हाला पाठ करून सारजाबाई बसलेल्या, मांडीवर पलंगपोस, हातात गोधडी शिवायची सुई. माठाखालचा गोल त्यांनी सोड्यात धुतला होता, वाळवला होता, आणि पांढऱ्या जाड दोऱ्यानं त्या रिकाम्या कोपऱ्यात शिवून टाकला होता. गोधडीला ठिगळ लावतात तसा. बोटाला सुई टोचलेली होती, त्याच बोटानं त्यांनी तो कोपरा तिच्यापुढे केला.

"घे, झाला पुरा," त्या म्हणाल्या. "आता पोरीच्या संसारात काई कमी पडायचं न्हाई."

चौकोनाच्या जागी गोल. दोन बाजूंना जेमतेम टेकलेला, बाकी चहूकडे मूठ जाईल एवढी भोकं, आणि मधोमध तो काळा पडलेला ठिपका. शिवकन्येच्या डोक्यावर पिठाचा डबा तसाच होता. तो तिनं खाली ठेवला. तिला हसावं की ओरडावं कळेना.

"ह्ये मला ठिवायचं हुतं, आत्याबाई," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं असं सरळ पहिल्यांदाच म्हटलं. "माझ्यासाठी केलतं म्या."

सारजाबाईंना त्यात काही अवघड दिसलं नाही. "ट्रंकेत कुजवून काय करतीस? तितं चार लोक बगतील तरी."

चार लोक बघतील. शिवकन्येची नजर त्या कोपऱ्यावर गेली. चार लोक हे बघणार. शहरातल्या बाया रुखवताभोवती फिरणार, पलंगपोस चिमटीत धरणार, आणि त्यांची बोटं नेमकी त्या भोकातून आरपार जाणार. नाव मोहिनीचं लागेल, तिचं लागणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी तिला ते सोसवेना. गप्प बसली असती तर पलंगपोस तसाच गेला असता. ओरडली असती तर लग्नघरात तमाशा झाला असता आणि पलंगपोस तरीही गेला असता. आणि हात तर आधीच शिवशिवायला लागले होते. तिला सासूचा राग आलाच होता, पण त्याहून जास्त राग त्या हातांचा आला.

तिनं पांढरा दोरा कापून तो गोल मोकळा केला. नवा विणायला वेळ नव्हता. त्याच गोलाला, आपल्या पहिल्यावहिल्या, माठानं चेपलेल्या गोलाला, तिनं बिस्किटी लोकर लावली. चार जागा धरल्या, चार जागी उंच केलं, मधे दाबलं. जुनी वीण आकसलेली होती, एक कोपरा ऐकेना. तिनं दात-ओठ खात तो दोनदा उसवला आणि ओढून बसवला. मग चौकोन जागेवर जोडला आणि दोरा कापला. पलंगपोस पुरा झाला होता. फरशीवर पसरलेला तो एवढा देखणा दिसत होता की तिच्याच्यानं बघवेना.

"तितं सांगाल ना, म्या केलंय म्हणून?" तिनं विचारलं.

"सांगते की. कावून न्हाई सांगणार?" सारजाबाई म्हणाल्या आणि घडी घालायला लागल्या.

मंगल कार्यालयात रुखवताच्या मधोमध पलंगपोस लावला होता. त्याला टाचणीनं चिठ्ठी: चि. सौ. कां. मोहिनीच्या हातचे. शिवकन्या अक्षता पडायच्या आधीच जाऊन खांबाजवळ उभी राहिली होती. बाया येत होत्या, लाडवांचा किल्ला बघत होत्या, रुखवतातल्या बाहुल्या बघत होत्या. मग मुलाकडची एक वयस्कर बाई पलंगपोसापाशी थांबली. तिनं चष्मा वर केला, कड बोटानं चाचपली, उलटी बाजू बघितली. विणणारीच असावी, दुसरं कुणी उलटी बाजू बघत नाही. गोलाचे चौकोन किती साफ बसवलेत, असं म्हणून तिनं वळून विचारलं की हे खरं कुणी केलंय.

सुनिता घाबरून आईकडे बघायला लागली. सारजाबाईंनी शिवकन्येकडे बघितलं. शिवकन्या खांबापासून एक पाऊल पुढे आली. नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं.

"आमच्या घरचं हाय," सारजाबाई म्हणाल्या.

त्या बाईनं छान आहे म्हटलं आणि ती पुढच्या ताटाकडे वळली. खोटं कुणी बोललं नव्हतं. सुनितानं चिठ्ठीची टाचणी नीट केली, सारजाबाई पाहुण्यांना पंगतीकडे न्यायला लागल्या. शिवकन्या तिथंच उभी राहिली. कोपऱ्यातला काळा ठिपका तिला लांबूनही दिसत होता, आणि दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हता.

लग्न पार पडलं, पाहुणे पांगले, घर पुन्हा चालू झालं. बिभीषणनं लोकर आणून ठेवली, अर्थातच बिस्किटी. ती कोनाड्यात तशीच पडली. माठाखालची तिवई आता उघडी होती. पाणी घ्यायला कुणी हात लावला की माठ हलायचा आणि लाकूड खडखडायचं. दोनचार दिवस सारजाबाईंनी सोसलं. मग एका सकाळी तांब्या घेऊन त्या माठापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शिवकन्ये, माठाखाली एक गोल करून ठिव बाई. तिवई लई खडखडायली."

शिवकन्या भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"समदं घरचंच हाय ना, आत्याबाई," ती म्हणाली. "मग घरालाच सांगा."

भाकरी तव्यावर पडली. सारजाबाईंनी एका हातानं माठ घट्ट धरला, आवाज होऊ नये म्हणून, आणि दुसऱ्या हातानं पाणी घेतलं.